नियमाचा अर्थ लावणारा कर्णधार

हिंदुस्थानातलं क्रिकेट १९३०च्या आसपास कुणाच्या हातात होतं, हे ध्यानात घेतल्याशिवाय या पुस्तकाच्या नायकाचं मोल कळायचं नाही. १९३२ साली आपला पहिला कसोटी संघ इंग्लंडला निघाला तेव्हा कर्णधार होते पोरबंदरचे महाराज आणि उपकर्णधार होते लिंबडीचे घनश्यामसिंहजी. लॉर्ड्सवरच्या कसोटीत दोघे बाजूला राहिले आणि नेतृत्व सी. के. नायडूंकडे आलं, हा त्यांचा मोठेपणा. पण १९३६च्या दौऱ्यात विजयानगरमचे महाराजकुमार तिन्ही कसोट्यांत स्वतःच कर्णधार होते. तिकडे मुंबईत हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन असे चौरंगी सामने भरायचे. संघ धर्मावरून आणि कर्णधारपद पुष्कळदा जातीवरून ठरायचं. धारवाडात जन्मलेल्या दलित गोलंदाज पळवणकर बाळूंना हिंदू संघाचं नेतृत्व कधीच मिळालं नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्यापर्यंत ते पोहोचायला १९२३ साल उजाडावं लागलं.

अशा काळात प्रांताच्या संघाचा कर्णधार म्हणून एक कॉलेजचा मास्तर उभा राहिला. प्रा. दिनकर बळवंत देवधर पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवत. त्यांना पगारावर घर चालवायचं होतं. पाठीशी कुठलं संस्थान नव्हतं. त्यांनी १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षं महाराष्ट्राला रणजी करंडक मिळवून दिला. त्यानंतर आजतागायत तो करंडक महाराष्ट्राकडे पुन्हा आलेला नाही.

शहापुरातल्या काही क्रिकेटप्रेमींनी मिळून त्यांच्यावर हे छोटं पुस्तक केलं आहे आणि प्रस्तावनेचं काम माझ्याकडे दिलं आहे. पुण्याच्या माणसावर शहापूरकरांनी पुस्तक का काढावं, असं मला आतापासूनच विचारलं जातंय. याचं उत्तर इतिहासातच आहे. आज शहापूर म्हणजे बेळगावचाच एक भाग. खडेबाजारातून कपिलेश्वरच्या पुलावर यावं आणि पलीकडच्या बेळगावात उतरावं, मध्ये कुठे हद्द बदलली असं वाटतही नाही. पण स्वातंत्र्यापर्यंत इथे हद्द होती. बेळगाव इंग्रजांचं आणि शहापूर सांगली संस्थानचं. आमच्या आजोबांच्या पिढीचा राजा पटवर्धन घराण्यातला. देवधर ज्या कॉलेजात शिकवत, त्याला ज्यांचं नाव दिलं आहे ते सर परशुरामभाऊही पटवर्धनच, जमखंडीचे. मुलाने वडिलांच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून न्यू पूना कॉलेजला हे नाव मिळालं. आणि देवधरांच्या संघातला सगळ्यात मोठा फलंदाज विजय हजारे जन्माला आला तो खुद्द सांगलीत.

दुसरा धागा विद्यापीठाचा. पुणे विद्यापीठ १९४९ साली निघालं, धारवाडचं कर्नाटक विद्यापीठही त्याच सुमाराचं. त्याआधी पुण्याचं सर परशुरामभाऊ असो, बेळगावचं १९३३ सालचं लिंगराज असो की १९४५ सालचं आमचं आर. पी. डी., सगळी मुंबई विद्यापीठाची कॉलेजं. तेव्हा इथल्या पोरांना देवधर हे काही परप्रांतातलं नाव नव्हतं, आपल्याच विद्यापीठातले सर होते ते. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या जागेत बॅट घेऊन जाणाऱ्या पोरांच्या तोंडी हजारे आणि देवधर ही नावं घरच्या माणसांसारखी असत, हे मी थोरांकडून कितीदा ऐकलं आहे.

त्या मैदानांविषयी इथे थोडं सांगायला हवं, कारण नव्या वाचकाला तसं क्रिकेट पाहायला मिळालेलं नाही. आमच्याकडची जमीन लाल. पहिल्या पावसानंतर चिखल आणि दिवाळीनंतर भाकरीसारखी कडक. त्यावर काथ्याचं मॅटिंग अंथरायचं, चौघांनी चार बाजूंनी ताणून धरायचं आणि कडांना लोखंडी खिळे ठोकायचे. चहापर्यंत एखादा खिळा वर यायचाच. मग यष्टिरक्षक बुटाच्या टाचेने तो परत आत दाबायचा आणि पंच तोवर खेळ थांबवून उभे राहायचे. मॅटिंगवर चेंडू उंच उठतो, पण उसळी खोटी नसते. कट आणि पुल मारणारा तिथे राजा. फिरकी मात्र काथ्यावर घट्ट पकड घेते, तेव्हा पाय हलले नाहीत तर फलंदाज संपला. त्या काळच्या बहुतेक कॉलेजातल्या मुलांचा हात मॅटिंगवरच बसला आणि हिरवळीची खेळपट्टी पुढे आल्यावर त्यांना खेळ नव्याने शिकावा लागला. १९११पासून साडेतीन दशकं प्रथम दर्जाचं क्रिकेट खेळलेल्या देवधरांनी पहिलं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीपासून दुसरं संपेपर्यंत हा सगळा बदल बॅट हातात घेऊन पाहिला.

देवधरांचं मोठेपण समजून घ्यायला आता थोडं दूर, अमेरिकेत जाऊ. तिथला कॉलेजातला अमेरिकन फुटबॉल १९०५ सालच्या हंगामात इतका जीवघेणा झाला होता की अठरा-एकोणीस मुलं दगावली आणि अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना बड्या विद्यापीठांच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलवावं लागलं. दुसऱ्या वर्षी नियम बदलले. चेंडू हाताने पुढे फेकायला परवानगी मिळाली. सेंट लुइसच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने ५ सप्टेंबर १९०६ रोजी तशी पहिली फेक केली. पण बड्या कॉलेजांना त्या नियमात फारसं काही दिसलं नाही. ती पूर्वीसारखीच घोळक्याने धडका मारत राहिली. मग १९१३ सालच्या उन्हाळ्यात नोत्र दाम या कॉलेजचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन चाल ठरवणारा खेळाडू, गस डोराइस आणि त्याचा मित्र क्नूट रॉकनी ईरी सरोवराच्या काठी सुट्टीत काम करता करता तासन् तास फेक आणि झेल घोटत राहिले. १ नोव्हेंबर १९१३ रोजी त्यांनी लष्कराच्या बलाढ्य संघाला ३५-१३ असं हरवलं. नियम सात वर्षं पुस्तकात होता. त्यात काय दडलं आहे ते एका कॉलेजच्या पोराने उघडून दाखवलं आणि तो खेळ पुन्हा पहिल्यासारखा राहिला नाही. डोराइस १८९१चा, देवधर १८९२चे. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल. पण देवधरांचं मोठेपण नेमकं कशात होतं, हे मला डोराइसची हकीकत वाचताना उमगलं, म्हणून ती इथे मांडली.

देवधरांना आपण बहुधा धावांवरून ओळखतो. त्या धावाही काही कमी नाहीत. ८१ प्रथम दर्जाचे सामने, ४५२२ धावा, नऊ शतकं. यातल्या एका शतकाने इतिहास घडवला. १९२६च्या डिसेंबरात आर्थर गिलिगन यांचा एमसीसीचा, म्हणजे इंग्लंडहून आलेला, संघ मुंबईत होता. हिंदू संघाकडून सी. के. नायडूंनी अकरा षटकार मारून १५३ धावा केल्या, ती खेळी सगळ्या देशाला ठाऊक आहे. त्यानंतर काही दिवसांतच बॉम्बे जिमखान्यावर अखिल भारतीय संघ एमसीसीसमोर उतरला आणि देवधरांनी १४८ धावा काढल्या. पाहुण्यांच्या ३६२ धावांना आपण ४३७ धावांनी उत्तर दिलं. समोर मॉरिस टेटसारखा गोलंदाज होता. नायडूंच्या षटकारांनी प्रेक्षकांना वेड लावलं, पण इंग्लंडच्या संघावर आपण पहिल्या डावाची आघाडी घेऊ शकतो, ही खात्री देवधरांच्या खेळीने दिली असं मी मानतो. दौरा संपायच्या आतच दिल्लीत गिलिगन यांच्यासोबत बैठक झाली आणि १९२८ साली क्रिकेट नियामक मंडळ उभं राहिलं.

तरीही माझ्या मते देवधरांचं खरं कर्तृत्व त्यांच्या फलंदाजीपेक्षा मोठं आहे. रणजी स्पर्धा १९३४-३५मध्ये सुरू झाली. सामना निकाली निघाला नाही तर पहिल्या डावात ज्याची आघाडी तो संघ पुढे जाणार, हा तिचा नियम. सगळ्या संघांना तो माहीत होता. देवधरांनी मात्र, डोराइससारखंच, त्यात काय दडलं आहे ते ओळखून त्यावर संघ बांधला. पहिला डाव हाच सामना आहे, तेव्हा पहिल्या डावात दमदारपणे, लांब, दिवसच्या दिवस फलंदाजी करेल असा संघ हवा, हे त्यांनी जाणलं. संस्कृतचा अभ्यासक सूत्राकडे पाहतो तसं त्यांनी त्या कलमाकडे पाहिलं असणार. १९४०-४१च्या मोसमात महाराष्ट्राने उत्तर हिंदुस्थानाविरुद्ध एका डावात ७९८ धावा उभारल्या. आणि मुंबईविरुद्ध पुण्यात झालेला सामना तर या विचाराची कसोटीच होता.

त्या सामन्याची धावपत्रिका समोर ठेवून हे पुस्तक वाचावं. महाराष्ट्र ६७५, मुंबई ६५०. इतकी फलंदाजी होऊन दोन्ही संघांत फरक उरला तो पंचवीस धावांचा आणि तेवढ्याच बळावर महाराष्ट्र पुढे गेला. महाराष्ट्राच्या ६७५ धावांत कर्णधाराच्या २४६ होत्या. वय पन्नाशीला टेकलेलं. त्या वयात आमच्याकडचा माणूस मुलीच्या लग्नाच्या काळजीत असायचा. मुंबईसारख्या संघाला, जिथे विजय मर्चंट यांच्यासारखे फलंदाज तयार होत होते, तिथल्याच तंत्राने आणि तिथल्यापेक्षा जास्त चिकाटीने मागे टाकायचं, ही जिद्द एका मास्तराची. पुढच्या फेऱ्या पार करून आणि अंतिम सामन्यासाठी मद्रासला जाऊन त्यांनी सहा गडी राखून करंडक जिंकला. आदल्या वर्षी पुण्यात संयुक्त प्रांतावर दहा गडी राखून विजय मिळवला होता.

दिवसभर न हलणारी, बाद व्हायला लाज वाटणारी फलंदाजी हा मुंबईचा स्वभाव आहे असं आपण समजतो. मुंबईने तो कमावला आणि पुढे कित्येक दशकं जपला, यात शंका नाही. पण त्या लांब डावांची लढाई आधी पुण्यात, देवधरांच्या संघाशी झाली हे विसरू नये. पुढे १९४८-४९च्या मोसमात पुण्यातच मुंबई-महाराष्ट्र सामन्यात दोन्ही संघांनी मिळून २३७६ धावा केल्या. त्याच मोसमात कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनच्या ४५२ धावांच्या विक्रमाला नऊ धावा कमी असताना समोरच्या संघाने सामना सोडून दिला. आमच्या भागात ही गोष्ट आजही दुःखाने सांगितली जाते. तेव्हा कर्णधार देवधर नव्हते, पण संघाला लांब डावांची सवय लावणारे तेच होते.

आता हजारेंकडे येऊ, कारण या पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण त्यांचं आणि देवधरांचं आहे. विजय हजारे म्हणजे सांगलीच्या एका शिक्षकाचा मुलगा, मराठी ख्रिस्ती कुटुंबातला. १९३९-४०मध्ये पुण्यात बडोद्याविरुद्ध त्याने नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी स्पर्धेतलं ते पहिलं त्रिशतक. नऊ गडी बाद झाल्यावर शेवटचा फलंदाज नगरवाला आला आणि दोघांनी दहाव्या गड्यासाठी २४५ धावा जोडल्या. ही भागीदारी मी पुन्हा पुन्हा वाचत असतो. एका टोकाला सांगलीचा ख्रिस्ती मुलगा आणि दुसऱ्या टोकाला पारशी नगरवाला. संघाचं नाव महाराष्ट्र आणि कर्णधार पुण्यातले संस्कृतचे प्राध्यापक.

हाच हजारे मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत उतरला की त्याची जागा कुठे असायची? हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन यांत न बसणाऱ्यांसाठी १९३७पासून एक पाचवा संघ केला होता. त्याला ‘द रेस्ट’ म्हणत, उरलेल्यांचा संघ. १९४३च्या डिसेंबरात त्या उरलेल्यांच्या ३८७ धावांत हजारेंच्या एकट्याच्या ३०९ होत्या. दुसऱ्या बाजूने सख्खा भाऊ विवेक उभा होता. दोघांच्या ३०० धावांच्या भागीदारीत विवेकचा वाटा होता २१. क्रिकेटमध्ये असा डाव क्वचितच कुणी खेळला असेल. पण ज्या व्यवस्थेत या थोर फलंदाजाला ‘उरलेला’ म्हणून खेळावं लागलं, ती व्यवस्था मोडायलाच हवी होती, आणि पुढे दोन-तीन वर्षांत ती मोडली. महात्मा गांधींनी १९४०मध्येच या सामन्यांबद्दल नापसंती जाहीर केली होती.

देवधर स्वतः हिंदू संघाकडून वर्षानुवर्षं खेळले, हे लपवायचं कारण नाही. त्या काळात मोठं क्रिकेट खेळायचं तर तोच दरवाजा होता. मात्र कर्णधार म्हणून त्यांनी उभा केलेला संघ प्रांताचा होता, त्यात कुणी उरलेलं नव्हतं. खेळात एखाद्याचा प्रभाव कशात मोजावा असं मला कुणी विचारलं तर मी याच गोष्टीकडे बोट दाखवीन. १९४६ साली इंग्लंडला गेलेल्या संघातले विजय हजारे, रंगा सोहोनी, चंदू सरवटे आणि सदू शिंदे हे चौघेही देवधरांच्या महाराष्ट्रातून खेळलेले होते. १९५२च्या फेब्रुवारीत मद्रासला भारताने इंग्लंडला हरवून पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार हजारे होते.

आणि देवधर स्वतः? एकही अधिकृत कसोटी नाही. १९३२ साली ते चाळीस वर्षांचे होते आणि वय आड आलं. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधी हिंदुस्थान एकूण सात कसोट्या खेळला, त्यांपैकी एकीतही त्यांना स्थान मिळालं नाही. या पुस्तकाच्या लेखकांनी याला अन्याय म्हटलं आहे. माझं मत जरा वेगळं आहे. त्यांच्याहून चारच वर्षांनी लहान असलेल्या नायडूंना स्थान मिळालं, म्हणजे चाळिशी हा काही अटळ अडसर नव्हता, हे लेखकांचं म्हणणं मला पटतं. पण कसोटीचा शिक्का नसल्यामुळेच देवधरांनी आपलं सगळं बळ प्रांताच्या संघात ओतलं आणि महाराष्ट्राला त्याचा फायदा झाला, असंही मला वाटतं. वाचकांनी दोन्ही बाजू पाहून आपापलं ठरवावं.

त्यांच्या चिवटपणाचं एक उदाहरण पुस्तकात एका ओळीत उरकलं आहे, ते इथे सविस्तर लिहितो. १९४४ साली नवानगरविरुद्धच्या रणजी सामन्यात त्यांनी दोन्ही डावांत शतकं केली, १०५ आणि १४१. वय बावन्न. विचार करा, बावन्नाव्या वर्षी एक शतक पुरं करायचं, मैदानात उन्हात उभं राहून क्षेत्ररक्षण करायचं आणि मग पॅड बांधून पुन्हा दुसरं शतक काढायचं. आज व्यायामशाळा आहेत, आहारतज्ज्ञ आहेत, तरी या वयात कुणी प्रथम दर्जाच्या क्रिकेटच्या आसपासही फिरकत नाही.

त्यांच्या घरात खेळ पुढेही चालू राहिला. तारा, सुंदर आणि सुमन या तिघी मुलींनी बॅडमिंटनमध्ये देशभर नाव काढलं. ज्या काळात मुलीने शॉर्ट स्कर्ट घालून कोर्टावर उतरणं म्हणजे चर्चेचा विषय होता, त्या काळात एका पुणेरी घरातल्या तीन मुलींनी हे करावं, यात वडिलांचा वाटा किती असेल हे सांगायला नको. या विषयावर पुस्तकात वेगळं प्रकरण हवं होतं. पुढच्या आवृत्तीत ते यावं, अशी माझी लेखकांना आग्रहाची विनंती आहे.

१९७३-७४पासून विभागवार एकदिवसीय सामन्यांची देवधर करंडक स्पर्धा सुरू झाली. १९६५मध्ये पद्मश्री आणि १९९१मध्ये पद्मभूषण मिळालं. शंभरी पार करून २४ ऑगस्ट १९९३ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

इथे आमच्या सीमाभागाचा एक जिव्हाळ्याचा प्रश्न येतो. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि इथली मुलं तेव्हापासून तिकडच्या संघाच्या निवडीला जाऊ लागली. कर्नाटकासाठी गोलंदाजी केलेला रोनित मोरे बेळगावचा आहे, आणि त्याच्या प्रत्येक बळीचा आनंद या गावात सगळ्यांना झाला. पण २०१४च्या जानेवारी-फेब्रुवारीत हैदराबादला रणजीचा अंतिम सामना महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यात झाला, तेव्हा आमच्या गल्ल्यांत घरोघरी मनं दुभंगली. करंडक कर्नाटकाने जिंकला. संघ आपल्या मुलांचा आणि हरलेलं नाव आपल्या भाषेचं, अशा अवस्थेत मी अनेक जाणत्या माणसांना पाहिलं. देवधरांची आठवण त्या दिवसांत शहापुरात फार निघाली. लेखकांना या पुस्तकाची कल्पना सुचली तीही त्याच चर्चांतून.

पुस्तकातली पहिली तीन प्रकरणं घाईत वाचली तरी चालतील, त्यांत बालपण आणि शिक्षण आहे. चौथ्यापासून मात्र सावकाश वाचावं. धावपत्रिकांचा परिशिष्ट-विभाग तर प्रत्येक कॉलेजच्या क्रीडाशिक्षकाने मुलांसमोर उघडून ठेवावा आणि ६७५ विरुद्ध ६५० या दोन डावांवर एक अख्खा तास घ्यावा.

एक गोष्ट राहिली. या भागातल्या कॉलेजांच्या सामन्यांच्या १९४०-५० या दशकातल्या धाववह्या अजून कुणाकुणाच्या माळ्यावर पडून आहेत, हे मला ठाऊक आहे. लेखकांनी देवधरांपुरतं काम केलं. त्यांच्या पिढीकडून शिकून इथे खेळलेल्या मुलांचा लेखाजोखा व्हायचा आहे. त्या वह्या वाळवी लागण्याआधी बाहेर काढाव्यात, त्यांच्या प्रती करून आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात जमा कराव्यात. फोटो असतील तर मागे नावं लिहून ठेवावीत. त्यांतले चेहरे ओळखणारी माणसं अजून आपल्यात आहेत, तोवरच हे काम होईल.